‘पाणी ऊब खाता गो!’ : कोमट समुद्रासाठी वेटसूट कसा निवडावा

आधी एक कबुली देते. माझं मराठी कॉन्व्हेंटचं आहे. ‘उष्णतावाहकता’ हा शब्द मी या लेखासाठी शब्दकोशातून शोधून काढला. तोपर्यंत ती माझ्यासाठी नुसती ‘थर्मल कंडक्टिव्हिटी’ होती आणि ओरलला तिने मला बराच त्रास दिला होता. पण मासिकाच्या मराठी विभागाच्या मॅडम म्हणाल्या, “कविता पुष्कळ आल्यात, काहीतरी अभ्यासाचं लिही.” म्हणून हा अभ्यास. सिलॅबसमधलाच आहे, फक्त वर्गात न करता समुद्रात केलेला.

सुरुवात मात्र हॉस्टेलपासूनच करू. जानेवारीत सकाळी सहाला कॉरिडॉरमध्ये उभं राहून बघा. हवा १८ डिग्री असेल. एक स्वेटर घातला की भागतं. आता ज्या दिवशी गीझर बंद असेल त्या दिवशी त्याच १८ डिग्रीच्या पाण्याची बादली अंगावर घ्या. किंकाळी थेट रेक्टर मॅडमच्या केबिनपर्यंत जाते! तापमान तेच, अंग तेच, मग फरक कसला? या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. ते मालवणला, पाण्याखाली दहा मीटरवर, दात वाजायला लागल्यावर कळलं.

काय झालं

माझं आजोळ मालवण. मामाच्या दोन होड्या आहेत. एस.ई.ची परीक्षा संपली आणि डिसेंबरच्या सुट्टीत मी स्कूबा डायव्हिंगचा चार दिवसांचा कोर्स करायचं ठरवलं. सिंधुदुर्ग किल्ला लहानपणापासून होडीतून बघितला होता, आता त्याच समुद्राचा तळ बघायचा होता. सरांनी पहिल्या दिवशी सूट काढून दिले. एक फुल सूट, म्हणजे मनगटापासून घोट्यापर्यंत, ३ एम.एम. जाडीचा. दुसरा शॉर्टी, म्हणजे अर्ध्या बाह्या आणि गुडघ्याच्या वर संपणारा. सर म्हणाले, “तू बारीक आहेस, फुल घे.” मी शॉर्टी घेतला. कारणं तीन. फुल सूट घालताना घामाघूम झाले होते, शॉर्टीत फोटो बरे येतात, आणि तिसरं कारण अगदी इंजिनिअरिंगचं : पाणी २७ डिग्री आहे, आपल्या वर्गातला पंखासुद्धा २७ डिग्रीला कोणी बंद करत नाही!

मामाने शॉर्टी बघितला आणि म्हणाला, “पाणी थंड नाय, पण पाणी ऊब खाता गो बाय. कळणा नाय.” मी हसले.

समुद्रातला पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डाइव्हला आम्ही तिघं तळाच्या वाळूवर ओळीने गुडघे टेकून बसलो होतो. प्रत्येकाने पाण्याखाली मास्क पूर्ण काढायचा, परत लावायचा आणि नाकातून हवा सोडून आतलं पाणी बाहेर घालवायचं. माझा नंबर शेवटचा. पंधरा मिनिटं मी नुसती बसून होते. आधी हातांवर काटा आला, मग पाठीत कापरं भरलं, मग बोटं लाकडासारखी झाली. माझी पाळी आली तेव्हा मास्कचा पट्टा बोटांना कळतच नव्हता. जबडा इतका थरथरत होता की तोंडातला रेग्युलेटर दातांत धरवेना. नाकात पाणी गेलं. एका क्षणी मनात एकच गोष्ट आली, वर पळायचं!

दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे भरून घेतलेला श्वास रोखून कोणी सरळ वर आला तर फुप्फुसातली हवा दुप्पट व्हायला बघते आणि फुप्फुस फाटू शकतं. हे मी आदल्याच दिवशी परीक्षेत लिहून पूर्ण मार्क मिळवले होते. तरीही मी पळणारच होते. सरांनी माझं जॅकेट घट्ट धरलं, डोळ्यांत बघितलं, श्वास घ्यायची खूण केली आणि मला सावकाश वर आणलं. मला काही झालं नाही. पण होडीत बसल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मला दहा मिनिटांपासून थंडी वाजत होती आणि मी कोणालाच सांगितलं नव्हतं. २७ डिग्रीत थंडी वाजते हे सांगायची लाज वाटली होती.

पाणी ऊब कशी खातं

मेसमधलं स्टीलचं ताट आणि लाकडी टेबल, दोन्ही रात्रभर एकाच खोलीत असतात, म्हणजे तापमान एकच. तरी ताट गार लागतं, कारण स्टील हाताची उष्णता भराभर नेतं. आपल्या त्वचेला तापमान मोजता येत नाही, उष्णता किती वेगाने जाते तेवढंच कळतं. पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २४ पट आहे. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा पाण्यात साडेतीन हजार पट जास्त उष्णता मावते. म्हणजे पाणी भराभर खातं आणि त्याचं पोट कधी भरत नाही.

त्यामुळे हवेत २७ डिग्री म्हणजे आराम, पण पाण्यात नाही. स्वस्थ बसलेल्या उघड्या माणसाला पाण्यात थंडीही वाजू नये आणि उकडूही नये असं तापमान साधारण ३३ ते ३५ डिग्री आहे. त्याच्या खालचा प्रत्येक समुद्र, मग तो मालवणचा असो की अंदमानचा, अंगातून उष्णता काढतच असतो. फक्त सावकाश. आणि ‘कळणा नाय’ हेही खरं. गार पाण्यात उतरल्यावर पहिल्या मिनिटात शहारे येतात, मग त्वचेला सवय होते आणि आपल्याला वाटतं की पाणी बरं आहे. तोटा मात्र चालूच असतो.

त्यात टाकीतली हवा अगदी कोरडी असते. प्रत्येक श्वासाला ती गरम आणि ओली करायचं काम शरीरच करतं. म्हणजे पाणी बाहेरून खातं आणि श्वास आतून.

वेटसूट काय करतो

मी सगळ्यांना विचारलं की वेटसूट ऊब कसा देतो. जवळजवळ सगळे म्हणाले, “आत पाण्याचा पातळ थर अडकतो, तो अंगाने गरम होतो आणि आपल्याला गरम ठेवतो.” मीही हेच म्हटलं असतं. पण हे अर्धंच खरं आहे. आत पाणी शिरतं आणि गरम होतं हे बरोबर. पण त्या पाण्यामुळे आपण उबदार राहत नाही, कारण पाणी हे मुळातच वाईट इन्सुलेटर आहे.

खरं काम करतात ते बुडबुडे. वेटसूटचं कापड म्हणजे निओप्रीन नावाच्या कृत्रिम रबराचा फेस. त्यात लाखो बंद कप्पे असतात आणि प्रत्येकात वायू भरलेला असतो. ड्यू पाँट कंपनीच्या प्रयोगशाळेत १९३० साली हे रबर तयार झालं. बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५१-५२च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी विचार करताना मुद्दा पकडला की माणसाला उबदार राहायला कोरडं राहायची गरजच नाही. वायू कापडातच कोंडलेला असेल तर अंग ओलं असलं तरी चालेल. ‘वेट’सूट हे नाव त्यामुळेच.

म्हणजे आपण अंगात रबर घालत नाही, कोंडलेली हवा घालतो. गोधडीचंही तत्त्व तेच. हे एकदा पटलं की पुढची निवड सोपी होते.

थोडं गणित (ओरलला विचारतील!)

फूरियेचा नियम आठवा. जाणारी उष्णता = वाहकता × क्षेत्रफळ × तापमानातला फरक ÷ जाडी. निओप्रीन फेसाची वाहकता साधारण ०.०५ वॅट प्रति मीटर प्रति डिग्री धरू. माझं वजन ४८ किलो, त्वचेचं क्षेत्रफळ अंदाजे १.५ चौरस मीटर. त्वचा ३२ डिग्री, पाणी २७, म्हणजे फरक ५.

३ एम.एम.चा फुल सूट घातला तर तोटा येतो १२५ वॅट. ५ एम.एम.चा घातला तर ७५ वॅट. स्वस्थ बसलेली असताना माझं शरीर साधारण ९० वॅट उष्णता तयार करतं. म्हणजे ५ एम.एम.मध्ये मी फायद्यात आणि ३ एम.एम.मध्ये थोडी तोट्यात. पण फिन्स मारत पोहत राहिले तर शरीर दुपटीहून जास्त उष्णता सहज तयार करतं आणि ३ एम.एम.सुद्धा पुरतो. हिशोब ढोबळ आहे, डोकं, हात आणि श्वास यात धरलेले नाहीत. पण एक गोष्ट यातून स्वच्छ दिसते : सूट पुरेल की नाही हे तुम्ही हलता की बसून राहता यावरही ठरतं. आणि मी तर शॉर्टी घालून बसून होते!

आता खोलीचा मुद्दा घ्या, तो बहुतेक जण विसरतात. बॉइलच्या नियमाप्रमाणे दहा मीटरवर बुडबुड्यांचा आकार निम्मा होतो आणि वीस मीटरवर एक तृतीयांश. रबर दबत नाही, पण वायू दबतो. म्हणून दुकानात ३ एम.एम. असलेला सूट दहा मीटरवर अंदाजे २ एम.एम. उरतो आणि वीस मीटरवर दीड. वरच्या गणितात ३ च्या जागी २ घाला, तोटा १८७ वॅट होतो. त्यातून माझे ९० वजा केले तर दर सेकंदाला जवळजवळ १०० ज्यूलची तूट. पाऊण तासात २ लाख ७० हजार ज्यूल. शरीराची विशिष्ट उष्णता दर किलोला सुमारे ३,५०० ज्यूल धरली तर ४८ किलोच्या देहाचं सरासरी तापमान दीड डिग्रीहून जास्त उतरेल. प्रत्यक्षात शरीर हुशार असतं. ते हातापायांचं रक्त आखडून घेतं आणि हृदय-मेंदू उबदार ठेवतं. म्हणून पहिली शिक्षा बोटांना होते, आणि पाण्याखाली बकल, पट्टे, बटणं सगळी बोटांवर चालतात.

लेबलवरचा आकडा जमिनीवरचा असतो हे लक्षात ठेवा.

मग निवडायचा कसा?

सूट निवडण्याआधी स्वतःला चार प्रश्न विचारा.

१) पाणी किती डिग्री, आणि कुठे? पृष्ठभागाचं तापमान विचारू नका. “या आठवड्यात तळाशी कॉम्प्युटरवर किती दिसलं?” असं विचारा. खाली गेल्यावर एकदम गार पाण्याचा थर लागू शकतो, त्याला थर्मोक्लाइन म्हणतात. आणि ‘ट्रॉपिकल’ या शब्दावर जाऊ नका. गालापागोस बेटं विषुववृत्तावर आहेत, पण तिथे गार प्रवाह येतात आणि वर्षाच्या उत्तरार्धात पाणी २० डिग्रीच्या आसपास उतरतं. बालीजवळच्या नुसा पेनिडालाही खोलातलं गार पाणी वर येतं. नकाशावरून सूट ठरत नाही.

२) किती वेळ, किती वेळा? पर्यटक म्हणून मालवणला वीस मिनिटं उतरणार असाल तर शॉर्टी चालून जातो. पण कोर्स करणार असाल, किंवा अंदमानला रोज दोन-तीन डाइव्ह लागोपाठ करणार असाल तर तूट साठत जाते. पहिल्या डाइव्हची उधारी दुसऱ्या डाइव्हला फेडावी लागते. के.टी.सारखंच आहे ते. माझ्या बाबतीतही थंडी दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या डाइव्हलाच वाजली.

३) हलणार की थांबणार? पहिल्यांदा उतरणाऱ्याला प्रशिक्षक धरून नेतात, त्याचे पाय चालत नाहीत. फोटो काढणारा एका जागी थांबतो. कोर्सवाला गुडघे टेकून पाळीची वाट बघतो. या तिघांना पोहणाऱ्यापेक्षा एक पायरी जाड सूट हवा.

४) तुम्ही स्वतः कसे आहात? चरबी हे चांगलं इन्सुलेशन आहे, आणि लहान चणीच्या माणसाचं क्षेत्रफळ वजनाच्या मानाने जास्त असतं. म्हणून बारीक माणूस लवकर गारठतो. शेजारचा बनियनवर मजेत असेल, म्हणून तुम्हीही असाल असं नाही. यात लाज कसली? हे नुसतं क्षेत्रफळ भागिले वजन आहे.

आता ढोबळ अंदाज सांगते. पाणी २९ डिग्री किंवा वर असेल तर शॉर्टी किंवा पातळ फुल सूट. २७ ते २९ ला ३ एम.एम. फुल. २४ ते २६ ला ५ एम.एम. फुल. त्याहून खाली ५ एम.एम.वर हूड, किंवा सरळ ७ एम.एम. आणि वरच्या चार प्रश्नांत दोनदा ‘हो, मला लागू आहे’ असं आलं तर एक पायरी वर जा. आपल्या कोकणात, गोव्यात आणि अंदमानात सीझनमध्ये बहुतेकांचं ३ एम.एम. फुलवर भागतं.

मग थेट ७ एम.एम.च का नको? कारण जाड सूट जास्त तरंगतो आणि मग कमरेला जास्त शिसं बांधावं लागतं. हातपाय ताठ होतात. आणि होडीत दुपारच्या उन्हात माणूस शिजतो. ३ एम.एम. सूट असेल आणि थोडी ऊब वाढवायची असेल तर आतून हूड असलेलं बिनबाह्यांचं जॅकेट घालणं स्वस्त पडतं. ‘निम्मी उष्णता डोक्यातून जाते’ हे खरं नाही, डोकं म्हणजे त्वचेच्या दहा टक्क्यांच्या आसपासच. पण टाळूचं रक्त हातापायांसारखं आखडत नाही, त्यामुळे डोकं झाकण्याचा फायदा होतोच.

आणि हो, पातळ लायक्राचा रॅश गार्ड उन्हापासून, जेलीफिशपासून आणि खरचटण्यापासून वाचवतो. त्यात बुडबुडे नाहीत, म्हणून ऊबही नाही.

भाड्याचा सूट घेताना

आपण विद्यार्थी, सूट विकत घेणार नाही, भाड्यानेच घेणार. म्हणून हे बघा.

मांडीवर आणि पाठीवर कापड चिमटीत धरा. मऊ, फुगीर लागलं तर बुडबुडे जिवंत आहेत. जुन्या चटईसारखं चपटं लागलं तर कप्पे फुटलेत. तो सूट लेबलवर ३ असला तरी खरा ३ नाही.

सूट अंगाला दुसऱ्या कातडीसारखा बसला पाहिजे. कमरेच्या खोलगट भागात, काखेत आणि मानेशी पोकळी नको. पोकळी असली की प्रत्येक हालचालीला आतलं गरम पाणी बाहेर आणि बाहेरचं गार पाणी आत, असा पंपच चालू होतो. ढगळ ५ एम.एम.पेक्षा घट्ट ३ एम.एम. कितीतरी चांगला. पण हात वर करता आले पाहिजेत आणि खोल श्वास घेता आला पाहिजे. मान आवळली जात असेल तर मोठा साइज मागा.

घालताना पायांत प्लास्टिकची पिशवी चढवली की सूट सरकन वर जातो. आणि डायव्हिंगच्या सूटची चेन बहुतेक वेळा पाठीवर असते. मी पहिल्या दिवशी ती पुढे घेऊन पाच मिनिटं उलटा सूट घालून उभी होते, हे मामाच्या पोरांनी अख्ख्या वाडीला सांगितलंय.

वर आल्यावरही काम संपत नाही. ओल्या सूटवर वारा लागला की पाण्याची वाफ होते आणि एक ग्रॅम पाणी वाफ होताना सुमारे २,४०० ज्यूल घेऊन जातं. माठ ज्या तत्त्वावर गार होतो त्याच तत्त्वावर तुम्ही होडीत गार होता. म्हणून विंडचीटर बरोबर ठेवा, दोन डाइव्हच्या मध्ये सूट कमरेपर्यंत उतरवून अंग कोरडं करा, काहीतरी गरम प्या.

शेवटची खूण

त्या दिवशी घरी आले तेव्हा मामीने गरम पेज वाढली. मामा पायरीवर जाळं विणत बसला होता. वर न बघताच म्हणाला, “काय गो, खाल्ल्यान मां ऊब?”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वतःहून फुल सूट मागितला. सर काहीच बोलले नाहीत, साइज तेवढा नीट बघून दिला. त्याच वाळूवर, त्याच ओळीत बसलो. या वेळी बोटांना पट्टा कळला. मास्क काढला, लावला, पाणी घालवलं. एकूण अर्धं मिनिट लागलं असेल.

त्याआधी सरांनी होडीतच आमच्याकडून एक खूण चार वेळा करून घेतली होती. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यायचे आणि दंडांवर चोळायचे. अर्थ : मला थंडी वाजतेय. ही खूण कोणीही केली की डाइव्ह संपते, कोणी कारण विचारत नाही, कोणी हसत नाही. खूण मला आधीपासून माहीत होती, पुस्तकात चित्रासकट होती. आदल्या दिवशी मी ती केली नाही, एवढंच.

सूट निवडताना चूक झाली तरी ही खूण करता येते. तेव्हा मित्रमैत्रिणींनो, तुमच्यापैकी कोणी या सुट्टीत मालवणला गेलात तर सूट माझ्या गणिताने निवडा. आणि गणित चुकलं तर दंड चोळा!